विश्लेषण : जुन्या ‘थार’ला जीपचा ॲक्सल बसवणे कमी खर्चात होते का, आणि करावे का?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की शेताकडे जाणाऱ्या पांदणीत गाडी रुतणे ही बातमीही राहत नाही. ट्रॅक्टर येतो, दोर लागतो, गाडी निघते. अशा रस्त्यांसाठी गेल्या काही वर्षांत अनेकांनी जुनी महिंद्रा ‘थार’ सेकंड हँडमध्ये घेतली. ती घेतल्यावर सहा महिन्यांत गॅरेजच्या ओट्यावर एक सल्ला हमखास मिळतो : ‘पुढचं हे नाजूक सस्पेन्शन काढून टाका, भंगारातून जुन्या जीपचा ॲक्सल आणा, पाटे टाका, मग बघा गाडी.’ सल्ला देणारा खोटे बोलत नाही. जगभरात ऑफ-रोडवाले हा बदल करतात. मात्र तो सांगताना ॲक्सलची किंमत सांगितली जाते. ॲक्सलमागून येणारी खर्चाची वरात सांगायची राहून जाते, आणि कायद्याचा विषय तर निघतच नाही.

सॉलिड ॲक्सल म्हणजे नेमके काय?

बैलगाडीचा आख डोळ्यांसमोर आणला की अर्धे समजते. दोन चाकांना जोडणारा एकच अखंड कणा. एक चाक दगडावर चढले की सगळा आख तिरपा होतो. जीपमध्ये हाच आख पोकळ पोलादी नळीचा असतो, त्याच्या एका बाजूला डिफरन्शिअलचा गोल डबा आणि आतून चाके फिरवणारे शाफ्ट असतात. हा सगळा ठोकळा दोन पाट्यांवर यू-बोल्टने आवळलेला असतो. याउलट ‘इंडिपेंडंट फ्रंट सस्पेन्शन’ म्हणजे आयएफएसमध्ये डिफरन्शिअल चासीला बांधलेले असते आणि डावे-उजवे चाक आपापल्या हातांवर स्वतंत्रपणे वरखाली होते. डावे चाक खड्ड्यात गेले तर उजव्याला फारसा पत्ता लागत नाही. त्यामुळे डांबरी रस्त्यावर गाडी मऊ चालते आणि वेगात सरळ राहते.

खडकाळ जागी चित्र उलटते. सॉलिड ॲक्सलमध्ये एक चाक वर ढकलले गेले की तोच कणा तरफेसारखा वागून दुसरे चाक खाली दाबतो, म्हणून ते जमिनीला टेकून राहते आणि ओढ देत राहते. आयएफएसमध्ये चाकाची हालचाल मुळात कमी, त्यामुळे एखादे चाक हवेत लटकते. डिफरन्शिअल साधे असेल तर सगळी ताकद त्या लटकणाऱ्या चाकाला फिरवण्यात वाया जाते. दुसरा फरक जमिनीपासूनच्या उंचीचा. सॉलिड ॲक्सलचा डबा चाकांसोबत वरखाली होतो, त्यामुळे त्याच्याखालची जागा कायम तेवढीच राहते. आयएफएसची गाडी जोरात आदळली की पाटे-सळया दबून तिचे पोटच जमिनीकडे येते.

मग थारमध्ये तो का नव्हता?

थारमध्ये तो होताही आणि नव्हताही, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. ऑक्टोबर २०१० मध्ये महिंद्राने थार आणली तेव्हा ती दोन तऱ्हेची होती. स्वस्त ‘डीआय’ थारला २५२३ सीसीचे जुने इंजिन आणि पुढे जीपच्या वळणाचा सॉलिड ॲक्सल पाट्यांसह होता. महागड्या ‘सीआरडीई’ थारला १०५ अश्वशक्ती आणि २४७ न्यूटन-मीटर टॉर्कचे इंजिन होते, आणि पुढे बोलेरोच्या घराण्यातले टॉर्शन बारचे आयएफएस होते. टॉर्शन बार म्हणजे पीळ बसला की स्प्रिंगचे काम करणारी लांब पोलादी सळई. मागे मात्र दोन्हींत पाटेच. लोकांनी अर्थातच ताकदवान सीआरडीई घेतली, आणि ॲक्सल बदलण्याची चर्चा होते ती या गाडीबद्दल. २ ऑक्टोबर २०२० ला आलेली नवी थार वेगळीच गाडी आहे. तिच्या पुढे कॉइल स्प्रिंगचे स्वतंत्र सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचे जाळे आहे. तिच्यात घरगुती ॲक्सल बदल करू पाहणारा पैसा आणि गाडी दोन्ही घालवून बसेल, म्हणून ती इथे विचारात घेतलेली नाही.

महिंद्राच्या वाहननिर्मितीची सुरुवातच विलीज जीपची मुंबईत जुळणी करण्यापासून झाली, आणि त्या जीपच्या पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड ॲक्सल असे. पुढे सीजे ३बी, एमएम ५४०, मेजर असे तिचे वंशज आले. आराम आणि हायवेवरचा वेग मागणारे गिऱ्हाईक वाढले तसे कंपन्यांनी पुढचा ॲक्सल सोडला. हे फक्त इथेच घडले असे नाही. अमेरिकेत टोयोटाने आपल्या ४x४ पिकअपचा पुढचा सॉलिड ॲक्सल १९८६ च्या मॉडेलपासून काढला आणि तिथल्या हौशी लोकांनी तो परत बसवण्याचा उद्योग सुरू केला. लँड रोव्हर डिफेंडरही नव्या अवतारात स्वतंत्र सस्पेन्शनवर गेली. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा २०२१ मध्ये त्याच वाटेने गेली. भारतात जुन्या पद्धतीला चिकटून राहिलेली ठळक नवी गाडी म्हणजे २०२३ ची मारुती जिमनी. तिच्या पुढे-मागे सॉलिड ॲक्सलच आहेत.

काळ्या मातीत त्याचा फायदा किती?

पश्चिम घाटातल्या किंवा राजस्थानातल्या ऑफ-रोडिंगचे व्हिडिओ पाहून मराठवाड्यात निर्णय घेतले जातात, म्हणून हा प्रश्न आधी विचारायला हवा. माहूर-किनवटकडचे डोंगर, कंधार-मुखेडचा खडकाळ माळ, बालाघाटाच्या रांगेतले उतार अशा ठिकाणी चाके एकमेकांपेक्षा फूटभर वरखाली होतात. तिथे सॉलिड ॲक्सलची कमाल दिसते. पण गोदावरी, मांजरा आणि तेरणेच्या खोऱ्यांतली खोल काळी माती हे वेगळे प्रकरण आहे. बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून बनलेल्या या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत शिरून घट्ट बसते. चार फेऱ्यांत टायरचा गुळगुळीत रूळ होतो. मग पुढे कोणताही ॲक्सल असो, घर्षणच उरत नाही.

उलट खोल चाकोरीत सॉलिड ॲक्सलचा डबा नांगरासारखा चिखलात घुसतो, कारण तो आयएफएसच्या डब्यापेक्षा खाली लटकलेला असतो. तो उचलायचा एकच उपाय, मोठे टायर. त्याचे गणितही फार उदार नाही. थारचा मूळचा २३५/७० आर १६ टायर सुमारे ७३५ मिलिमीटर उंच. त्याऐवजी ३१ इंची टायर घातला तर उंची ७८७ होते. वाढ ५२ मिलिमीटर दिसते, पण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असल्याने त्याच्या वाट्याला निम्मी, म्हणजे २६ मिलिमीटर येते. एवढ्यासाठी स्पीडोमीटर ७ टक्क्यांनी मागे पडतो. काट्यावर ६० दिसतात तेव्हा गाडी ६४ ने पळत असते.

काळ्या मातीत एक फायदा मात्र खरा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. सीआरडीई थारची पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा रुंद अंतरावर आहेत. गाडीमागे उभे राहून पाहिले तरी हे दिसते. चिखलात पुढची चाके एक चाकोरी पाडतात आणि मागच्यांना तिच्या आतल्या बाजूने दुसरी पाडावी लागते. जुन्या जीपचा अरुंद ॲक्सल पुढे आला तर मागचे चाक पुढच्याच्या चाकोरीत बसते आणि इंजिनवरचा भार हलका होतो. बैलगाडीच्या चाकोरीत ट्रॅक्टर का अडखळतो हे ज्याला माहीत आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

कोणता ॲक्सल शोधायचा?

भंगारात पहिला धोका ‘डमी’चा. मराठवाड्यात वर्षानुवर्षे धावलेल्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या, कमांडर आणि मार्शल, बहुतेक दोनचाकी ओढीच्या होत्या. त्यांच्या पुढेही अखंड ॲक्सल आणि पाटे असतात, पण त्यात डिफरन्शिअल नसते. ती फक्त चाके धरून ठेवणारी दांडी असते. रंग मारून ठेवलेली अशी दांडी ‘जीपचा ओरिजिनल’ म्हणून गळ्यात मारली जाते. पोटात गोल डबा आणि प्रोपेलर शाफ्ट जोडण्याची फ्लँज दिसत नसेल तर तो ॲक्सल आपल्या कामाचा नाही.

जवळात जवळचा दाता म्हणजे डीआय थारचा ४x४ ॲक्सल. एकाच घरातली गाडी असल्याने पाट्यांच्या हँगरची जागा, ब्रॅकेट आणि मापे बघायला समोर नमुना मिळतो. तो मिळाला नाही तर मेजर किंवा एमएम ५४० चा. सेवेतून काढलेल्या लष्करी जीपचे भाग हरियाणातल्या मंडी डबवालीपासून हैदराबादपर्यंतच्या बाजारांत फिरतात. नांदेडहून अमृतसरला थेट सचखंड एक्स्प्रेस आहे, हैदराबाद आणि बीदर तर शेजारीच, त्यामुळे या भागातल्या माणसाला शोध घेणे अवघड नाही. मात्र माल कुठूनही आणला तरी बिल हवे. ॲक्सल ज्या गाडीचा, ती चोरीची निघाली तर ‘मी भंगारातून घेतला’ एवढ्या उत्तरावर पोलीस ठाण्यातून सुटका होत नाही.

दुसरी गोष्ट डबा कोणत्या बाजूला आहे ही. विलीज वंशाच्या जुन्या जीपमध्ये ट्रान्सफर केस बाजूला निघते आणि पुढचे डिफरन्शिअल उजवीकडे असते. आपल्या गाडीच्या ट्रान्सफर केसमधून पुढचा शाफ्ट कोणत्या बाजूने निघतो हे गाडीखाली आडवे होऊन पाहायचे आणि मगच ॲक्सलला हात लावायचा. बाजू उलट आली तर शाफ्ट इंजिनच्या सम्पखालून तिरपा न्यावा लागतो. तो तसा टिकत नाही.

तिसरी आणि सर्वांत महागडी चूक क्राउन-पिनियनच्या गुणोत्तराची. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे गुणोत्तर. ४३ आणि ८ दात असतील तर ५.३८, ३९ आणि ८ असतील तर ४.८८. जुन्या जीपमध्ये ही दोन्ही सापडतात. पुढचे आणि मागचे गुणोत्तर सारखे असावेच लागते. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ राहिले तर सारख्याच वेगाने जायला पुढच्या शाफ्टला १० टक्के जास्त फेरे लागतात. फोर व्हील लावले की दोन्ही टोके एकमेकांशी भांडतात. चिखलात टायर घसरून भांडण मिटते, कडक जमिनीवर मात्र क्रॉस, शाफ्ट किंवा ट्रान्सफर केसची साखळी तुटून मिटते. कव्हर उघडून दात मोजायला अर्धा तास लागतो. विक्रेता उघडू देत नसेल तर ॲक्सल तिथेच सोडून यावा.

ताकदीचाही विचार हवा. एमएम ५४० च्या काळातल्या डिझेल इंजिनांचा टॉर्क सीआरडीईच्या जवळपास निम्मा होता. त्या इंजिनासाठी घडवलेले शाफ्ट आता दुप्पट पीळ सोसणार, तोही लो गिअरमध्ये अनेक पटींनी वाढलेला. सावकाश चालवणाऱ्याकडे ते वर्षानुवर्षे चालतात. चाक अडकल्यावर ॲक्सिलरेटर तुडवणाऱ्याकडे पहिल्याच पावसाळ्यात क्रॉस जातो.

पैसा नेमका कुठे जातो?

ॲक्सल हा या कामातला स्वस्त भाग आहे. भंगारवाला त्याचा भाव वजनावर सांगतो, त्यामुळे काम आवाक्यातले वाटते. खरा खर्च स्टिअरिंगपासून सुरू होतो. सीआरडीई थारला रॅक-अँड-पिनियन पॉवर स्टिअरिंग आहे. रॅक चासीवर बसते आणि तिचे दोन हात दोन स्वतंत्र चाकांना धरतात. अखंड ॲक्सल आला की हे गणित मोडते, कारण आता दोन्ही चाके एकत्र, चासीपासून वेगळी हलणार. रॅक तशीच ठेवून जुगाड केला तर खड्ड्यात गाडी आपोआप डावी-उजवी वळते. म्हणून रॅक काढून जुन्या पद्धतीचा स्टिअरिंग बॉक्स, पिटमन आर्म, ड्रॅग लिंक आणि ॲक्सलभर लांब टाय रॉड बसवावा लागतो. बॉक्स जिथे बसतो तिथे चासीला आतून प्लेट मारून मजबुती द्यावी लागते. पॉवर स्टिअरिंगचा पंप तोच ठेवायचा असेल तर त्याला जुळणारा पॉवर बॉक्स हवा, नवे होज पाईप हवेत. ड्रॅग लिंक जितकी जमिनीला समांतर राहील तितकी गाडी सरळ चालते. गाडी उंच केली की लिंक तिरपी होते आणि खड्ड्यागणिक स्टिअरिंगला झटका बसतो.

यानंतर ब्रेक. सीआरडीई थारला पुढे डिस्क ब्रेक आहेत, तर जुन्या जीपच्या ॲक्सलला ड्रम. म्हणजे इंजिन १०५ अश्वशक्तीचे आणि ब्रेक त्या काळातले, जेव्हा जीपने ताशी ८० गाठणेही मोठी गोष्ट होती. शिवाय चिखलपाण्यातून निघालेला ड्रम काही वेळ पकडतच नाही. बजेट संपत आले की ‘ड्रमच राहू द्या’ असे ठरते. या सगळ्या कामातला हा सर्वांत वाईट निर्णय. डिस्क बसवायची तर कॅलिपरचे ब्रॅकेट लेथवर अचूक करून घ्यावे लागतात, आणि ब्रेकचा रबरी होज लांब घ्यावा लागतो. ॲक्सल पूर्ण खाली लटकला की आखूड होज ताणून तुटतो, आणि हे नेमके उतारावर घडते.

वेल्डिंगला नांदेड-लातूरच्या एमआयडीसीत चांगले हात आहेत. तरीही गेट-ग्रिल करणाऱ्या दुकानातले नेहमीचे ६०१३ रॉड आणि चासीचे हँगर यांची गाठ घालू नये. इथे ७०१८ सारखा लो-हायड्रोजन रॉड, तोही कोरडा ठेवलेला, आणि तो चालवणारा माणूस हवा. पाट्यांची बैठक ॲक्सलच्या नळीवर एका दमात वेल्ड केली तर उष्णतेने नळी वाकते आणि आतला शाफ्ट सील खात राहतो. थोडे टाके मारायचे, थंड होऊ द्यायचे, बाजू बदलायची. डिफरन्शिअलचा डबा ओतीव असतो, त्यावर थेट वेल्ड करू नये. सीआरडीईत इंजिनचा संगणक आहे, त्यामुळे वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोके काढायची. आणखी एक गोष्ट गॅस कटर पेटवण्याआधीच करायची, ती म्हणजे चासी नंबर कुठे ठोकला आहे ते शोधून त्यावर टेप लावणे. नंबराचा एक आकडा जरी जळाला तरी कागदावर ती गाडी संपली.

प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते, तो कापून जोडावा लागतो आणि बॅलन्स करावा लागतो. पाटे, शॅकल, बुश, शॉकॲब्सॉर्बर नवे लागतात. ॲक्सल वर उचलला गेला की त्याचा डबा इंजिनच्या सम्पला धडकू नये म्हणून बम्प स्टॉप लागतात. व्हील बेअरिंग, किंगपिन बेअरिंग, सील, क्रॉस हे जुन्या ॲक्सलमध्ये बदलावेच लागतात. जीपच्या जुन्या ॲक्सलवर चाक वळते तिथे गोल गोळ्यासारखा बंद नकल असतो आणि त्याला पुसत राहणारा सील असतो. काळ्या मातीचा लगदा त्या सीलमागे शिरून वाळला की आतले ग्रीस बाद होते. म्हणजे दर पावसाळ्यानंतर ते उघडून साफ करण्याचा खर्च कायमचा मागे लागतो.

या यादीत मजुरी अजून धरलेलीच नाही. नवीन काम असल्याने मिस्त्री दिवसांचा अंदाज सांगतो आणि गाडी महिनोन् महिने पुढची चाके नसलेल्या अवस्थेत घोड्यांवर उभी राहते. ज्याची रोजची गाडी तीच आहे, त्याने हे धरून चालावे. सुटे भाग सगळे गोळा झाल्याशिवाय गाडी कापायला न देणे, ही खर्च वाचवण्याची एकमेव खात्रीची युक्ती. अर्ध्या कामात अडलेला मालक मिळेल तो भाग मिळेल त्या भावाला घेतो.

हायवेवर काय होते?

अकोला-हैदराबाद मार्गावर किंवा लातूर-नांदेड रस्त्यावर ताशी ७० ला एक छोटा खड्डा लागतो आणि अचानक पुढची दोन्ही चाके डावी-उजवी थरथरू लागतात. स्टिअरिंग हातात राहत नाही आणि गाडी जवळपास थांबेपर्यंत थरथर जात नाही. सॉलिड ॲक्सलवाल्यांच्या जगात याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. घाबरवण्यासाठी दिलेले नाव नाही हे. कारण क्वचितच एक असते. किंगपिन बेअरिंग सैल, टाय रॉडचे एंड झिजलेले, टायर असंतुलित आणि सगळ्यात नेहमीचे म्हणजे कॅस्टर चुकलेला.

कॅस्टर समजायला सायकलचा पुढचा चिमटा पाहावा. तो पुढे झुकलेला असतो म्हणून हात सोडला तरी चाक सरळ राहू पाहते. ॲक्सललाही असाच कल द्यावा लागतो. विलीज जीपला तो ३ अंश होता. पाट्यांची बैठक वेल्ड करताना एक-दोन अंशांची चूक झाली तर कल शून्याकडे सरकतो आणि गाडी रस्त्यावर भरकटू लागते. पाचरीसारख्या प्लेटा घालून तो सुधारता येतो, पण ॲक्सल फिरवला की प्रोपेलर शाफ्टचा कोनही फिरतो. एक बरोबर केले की दुसरे बिघडते. म्हणून बैठक आधी नुसती टाक्यांवर धरायची, गाडी चारही चाकांवर पूर्ण वजनासह उभी करायची, कोन मोजायचा आणि मगच पक्के वेल्ड करायचे. स्टिअरिंग डँपर लावून थरथर दाबता येते. मात्र तो तापावर दिलेल्या गोळीसारखा असतो, आजार तसाच राहतो.

उंचीचा मोहही इथेच आवरायचा. जुन्या जीपमध्ये पाटे ॲक्सलच्या खालून जातात. ते वरून घेतले तर गाडी एकदम काही इंच उचलली जाते, फोटोत झकास दिसते, आणि वळणावर किंवा बांधाच्या तिरप्या उतारावर कलंडायला तेवढीच तयार होते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे आणखी स्पष्ट केले आणि केरळ उच्च न्यायालयाची सैल भूमिका रद्द ठरवली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए (४) मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. शब्द ‘प्रत्येक बदलामागे’ असे आहेत. सस्पेन्शन, स्टिअरिंग, टायर हे वेगवेगळे मोजले जाऊ शकतात. काही वर्षांपूर्वी श्रीनगरच्या न्यायालयाने थारमध्ये बदल केलेल्या एका मालकाला याच कलमांखाली ६ महिन्यांची शिक्षा सुनावली होती. नंतर त्याला बंधपत्रावर सोडण्यात आले. त्या गाडीत ॲक्सलला कुणी हातही लावला नव्हता.

एमएच-२६ नांदेड असो की एमएच-२४ लातूर, आरटीओ निरीक्षकाला तपासणीत पुढे टॉर्शन बारऐवजी पाटे दिसले की प्रश्न येणारच. पहिल्या थार आता १५ वर्षांची मुदत गाठू लागल्या आहेत, म्हणजे नोंदणी नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला उभी करावीच लागणार. बदललेली गाडी तिथेच अडते.

विम्याची बाजू याहून जड आहे. कंपनीला न सांगता केलेल्या बदलामुळे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. आणि अपघातात दुसऱ्याचा जीव गेला, चौकशीत स्टिअरिंग गावातल्या वर्कशॉपमध्ये बदलल्याचे निघाले, तर नुकसानभरपाईचा वाद मालकाच्या शेतीवाडीपर्यंत पोहोचू शकतो. भंगारातला ॲक्सल स्वस्त वाटतो तो या हिशेबाशिवाय.

जंगलाचेही भान हवे. पैनगंगा अभयारण्यात किंवा किनवट-माहूरच्या राखीव वनात परवानगीशिवाय गाडी घालणे हा वेगळा गुन्हा आहे, गाडी मूळची असो वा बदललेली.

मग कमी खर्चाचा मार्ग कोणता?

ज्याला सॉलिड ॲक्सलच हवा आहे त्याने तो कारखान्यातूनच बसून आलेली गाडी घ्यावी, हे उत्तर रुचत नाही पण हिशेबात बसते. डीआय थार ४x४, मेजर किंवा मारुती जिप्सी यांच्या पुढे तो मुळातच आहे आणि आरसी बुकाशी भांडण नाही. १९८५ पासून बनलेल्या जिप्सीला तर दोन्हीकडे सॉलिड ॲक्सल, वजन कमी, पेट्रोल इंजिन. चिखलात वजन कमी असणे हाच मोठा गुण आहे. अशा गाडीचा खराब झालेला ॲक्सल त्याच मॉडेलच्या ॲक्सलने बदलणे ही सरळ दुरुस्ती ठरते. परराज्यातून जुनी गाडी आणताना ना-हरकत प्रमाणपत्र आणि चासी-इंजिन नंबर जुळतात का, एवढे मात्र पैसे देण्याआधी बघायचे. डबवालीकडून आलेल्या देखण्या जीपमध्ये तीन गाड्यांचे भाग आणि चौथीचे कागद असू शकतात.

सीआरडीई थार दारात उभीच असेल तर पैसा वेगळ्या क्रमाने घालावा. पहिले टायर : मूळ मापाचेच, पण खोल आणि मोकळ्या खाचांचे, चिखल झटकणारे. चिखलात हवा कमी करायची सवय आणि परत भरायला छोटा पंप. मग मागचे लॉकिंग डिफरन्शिअल. २०१५ च्या सुधारित थारमध्ये कंपनीनेच मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शिअल दिले होते, त्यामुळे जुनी थार घेताना ते असलेली गाडी शोधली तर ॲक्सल बदलून जे मिळवायचे त्यातले बरेचसे आधीच हाती येते. एक चाक हवेत गेले तरी दुसरे ओढते. त्यानंतर ओढायचा पट्टा, शॅकल, फावडे, दोन फळ्या. काळ्या मातीत ४x४ गाडी रुतण्याचे कारण बहुतेक वेळा सस्पेन्शन नसते, चुकीच्या गिअरमध्ये उशिरा दाबलेला ॲक्सिलरेटर असतो. महिंद्राने इगतपुरीला ऑफ-रोड प्रशिक्षणाची अकादमीच काढली होती ती याच कारणाने.

बदल करायचाच, असे ठरवलेल्यांसाठी एक मार्ग उरतो. गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत उतरणाऱ्या अनेक गाड्या ट्रेलरवर चढवून नेतात आणि आयोजकांच्या हद्दीत, रोल केज आणि पट्टे बांधून चालवतात. तशी गाडी वेगळी ठेवायची, सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही. त्यात ट्रेलर आला, तो ओढणारी दुसरी गाडी आली आणि ठेवायला जागा आली. काढलेले आयएफएस, रॅक, टॉर्शन बार आणि हब ग्रीस लावून, पोत्यात बांधून, कोरड्या जागी ठेवायचे. गाडी कधी मूळ रूपात आणून विकायची वेळ आली तर हेच भाग भंगारात शोधायला निघावे लागते, आणि तेव्हा त्यांचा भाव वजनावर ठरत नाही.